पलंगाखालचा पोटभाडेकरू

आमच्या लहानपणी पलंगाखाली भूत नसायचं. आम्ही फार धीट होतो म्हणून नव्हे, पलंगच नव्हता. आजोळी, वेंगुर्ल्याकडच्या घरात, रात्रीची जेवणं आटोपली की माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चटया आणि वाकळा अंथरल्या जायच्या आणि त्यांवर मामेभावंडं, मावसभावंडं, गणपतीला येऊन अजून न गेलेला एखादा लांबचा पाहुणा अशी बारा-चौदा डोकी ओळीने पडायची. अंथरुणाखाली थेट शेणाने सारवलेली जमीन. भुताने शिरायचं म्हटलं तरी शिरणार कुठे? फार तर दोन पोरांच्या मध्ये जागा करून आडवं झालं असतं, आणि माझ्या मधल्या मामेभावाच्या लाथा खाऊन सकाळी स्वतःच अंगारा मागत फिरलं असतं.

माझ्या नातीला मात्र पलंग आहे. वय वर्षं चार, आणि स्वतःची खोली आहे. भिंतीवर पांढरे ढग, छताला अंधारात चमकणारे चिकटवलेले तारे. मुलाने डोंबिवलीत नव्या इमारतीत वीस वर्षांचं कर्ज काढून घर घेतलं तेच मुळी ‘तिला तिची खोली हवी’ म्हणून. जन्मभर बँकेत काढल्यामुळे मला व्याज दिसतं, तारे दिसत नाहीत, हा माझा दोष. पण हप्ते वीस वर्षं फिटायचे आणि खोलीचा ताबा तिसऱ्याच आठवड्यात दुसऱ्याने घ्यायचा, हे कुठल्याही बँकवाल्याला झोंबणारच.

एका रात्री दीडच्या सुमाराला माझ्या पांघरुणाचं टोक ओढलं गेलं.

“आबा, माझ्या खोलीत मॉन्स्टर आहे.”

“कुठे?”

“पलंगाखाली. तू सरक.”

मी सरकलो. त्या घटकेला तेवढंच सुचलं. सकाळी उठलो तेव्हा ती पलंगभर आडवी, आणि मी एका कडेला, मढ्यासारखा ताठ. सूनबाईने दारातून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. लेकराला स्वतंत्र झोपायची सवय लावायला तिने महिना घातला होता, आणि मी एका ‘सरक’मध्ये तो उधळला होता.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की हा प्रश्न दिवसाउजेडी, पुराव्यानिशी निकालात काढायचा. आजकालच्या पलंगांना ‘खाली’ अशी जागाच नसते. बॉक्स बेड असतो. गादी उचलली की फुस्स करून फळी वर येते आणि आत एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाचा इतिहास थरांनी रचलेला सापडतो. आमच्या पलंगात मॉन्स्टरने राहायचं तर त्याने आधी जागा मिळवून दाखवावी, असं माझं म्हणणं होतं. तिच्या समोर फळी उघडली आणि एकेक वस्तू हातात धरून मोजत गेलो. ही आजीच्या साड्यांची गोधडी. ही दुसरी गोधडी. हे तुझ्या आईबाबांच्या लग्नात आलेले डिनर सेट, अजून खोक्यातच. ही गणपतीच्या मखराची थर्माकोलची कमान, आता बंदी आली म्हणून लपवलेली. हा बाबाचा क्रिकेटचा पॅड, एकच. हे कागदात गुंडाळलेलं…

कागद सुटला आणि माझ्या हातात दोन हात आले.

गुलाबी, मनगटापर्यंतचे, बोटं किंचित वाकलेली, बांगड्यांसकट.

ती जी किंचाळली, तिच्या निम्म्याने मीही किंचाळलो. मोठ्या माणसाला तेवढंच शोभतं. आमची सौभाग्यवती पोळ्या टाकून धावत आली, प्रसंग पाहिला आणि म्हणाली, “अहो, ते गौरीचे हात आहेत. मुखवटे वर कपाटात ठेवलेत. ते का कुणी पायाखाली ठेवतं? हात राहिले होते, ते इथे ठेवले.”

अशा रीतीने, पलंगाखाली काहीही नाही हे सिद्ध करायला गेलेल्या मी, पलंगाखाली बायकांचे सुटे हात आहेत हे सिद्ध करून बाहेर पडलो.

आमच्या काळी मुलांना भीती नव्हती असं म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या गृहस्थांवर माझा विश्वास नाही. भीती होतीच, पण ती मोठ्या माणसांनी रीतसर वाटलेली असायची. बागुलबुवा हा तर घरचाच नोकर. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, त्याच्याही पानांत बागुल ठाण मांडून बसला आहे. म्हणजे सेवाज्येष्ठता चांगलीच. आमच्या वर्गात बागूल आडनावाचा एक मुलगा होता. पहिल्या दिवशी हजेरीला गुरुजींनी ते नाव पुकारलं तेव्हा सगळा वर्ग श्वास रोखून मागे वळला, आणि शेवटच्या बाकावरून वर्गातला सगळ्यात किरकोळ मुलगा ‘हजर’ म्हणाला. त्या दिवशी माझी अर्धी भीती गेली. उरलेली अर्धी गणिताच्या तासाला लागली.

पण मॉन्स्टरची आणि बागुलबुवाची तुलना करू गेल्यावर एक गोष्ट प्रथमच माझ्या लक्षात आली. बागुलबुवा न झोपणाऱ्या मुलाला न्यायचा. डोळे मिटले, की त्याचा हक्क संपला. ‘शोले’तला गब्बर १९७५ साली याच फुशारक्या मारत होता: लांबलांबच्या गावांतून आया आपल्या नावाने पोरं निजवतात म्हणून. म्हणजे तोही बिचारा अंगाईच्याच खात्यात. या मॉन्स्टरचं उलट आहे. तो झोपलेल्या मुलाकडे येतो. बागुलबुवावर झोप हा उतारा होता. इथे झोप हेच संकट. मग पोरीने करावं काय? जागं राहिलं तर आई रागावते, झोपलं तर हा खातो.

शिवाय आमची भुतं कशी, पत्त्यावर राहायची. मुंजा पिंपळावर. सोडमुंजीआधी गेलेला बटू तो. पिंपळ टाळला की तो टळला. हडळीचे पाय उलटे, त्यामुळे ओळख पटवायला अडचण नाही. चकवा रानात भेटणार, आणि तो काय करणार तर तुम्हाला फिरवून फिरवून त्याच जागी आणणार. अशा वेळी आहे तिथे बसून राहायचं, तांबडं फुटलं की वाट सापडते. (आमच्या खात्यातल्या बदल्यांचं धोरण काहीसं असंच होतं, पण तिथे तांबडं फुटत नसे.) देवचार गावाच्या वेशीवर, हातात काठी, खांद्यावर कांबळं. समंधाची काही इच्छा राहिलेली असते; ती विचारायची, पुरी करायची. आणि सगळ्यांचा एकदम बंदोबस्त करायचा असेल तर रामदासांनी भीमरूपीच्या शेवटी ती सोय लावून ठेवलेलीच आहे. थोडक्यात, प्रत्येक भुताचं नाव, मुक्काम, सवयी, हद्द आणि उतारा ठरलेला. आम्ही भ्यायचो, पण कुणाला आणि कुठवर भ्यायचं ते माहीत असे. विहिरीवरची आसरा कधी घरात येत नसे. तिची हद्दच नव्हती ती.

नातीच्या मॉन्स्टरला यातलं काही नाही. “कसा दिसतो?” म्हटलं तर “मोठा.” “किती मोठा?” “खूप.” “काय करतो?” “असतो.” आता नुसतं असणाऱ्याचं काय करायचं?

मुलाने शास्त्राचा मार्ग धरला. तो इंजिनिअर आहे आणि दिवा लावला की अंधार जातो यावर त्याची श्रद्धा आहे. त्याने तिच्या खोलीत झिरोचा दिवा लावला. या दिव्याला झिरोचा का म्हणतात देव जाणे. जुना काचेचा झिरो चांगला पंधरा वॅट वीज खायचा. आताचा नवा खात नाही, पण त्याची खोड तीच. पूर्ण काळोखात सावल्या नसतात. मिणमिणता दिवा लावला की खुर्चीला शिंगं फुटतात आणि हँगरवरच्या फ्रॉकला खांदे. दिवा लावल्याच्या पहिल्याच रात्री मॉन्स्टर एकाचे दोन झाले.

“आबा, तो खुर्चीवर बसतो. मी बघितलं की जातो. नाही बघितलं की परत येतो.”

हे ऐकून मुलगा हसला, पण ती अक्षरशः खरं बोलत होती. डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावर ज्या पेशी असतात त्या रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी कडेकडेला असतात. म्हणून अंधारात एखाद्या वस्तूकडे रोखून पाहिलं की ती विरते, आणि नजर थोडी बाजूला नेली की पुन्हा उभी राहते. आकाशातल्या अंधूक चांदण्या हेरणारे लोक याच युक्तीने जरा तिरके बघतात. पोरीने चौथ्या वर्षी स्वतःच्या डोळ्यांनी लावलेला शोध आम्ही ‘काहीतरीच’ म्हणून फेटाळत होतो. मी त्या खुर्चीवर बसून, नजर तिरकी करून पाहिलं. ओढणी होती. पण खरं सांगतो, बसली होती.

आवाजाचंही तसंच. ‘घूं घूं करतो’ अशी तक्रार आली तेव्हा मी रात्री कान देऊन बसलो. आवाज होता. न्हाणीघराच्या झडपेबाहेर, डक्टमध्ये, कबुतराने संसार थाटला होता. सकाळी तिला खांद्यावर बसवून कबूतर दाखवलं, अंडी दाखवली. तिने सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, “मग कबुतराला मॉन्स्टरची भीती नाही वाटत?”

लहान मुलाशी वाद घालताना हे लक्षात ठेवावं की तुम्ही पुरावा देता तो त्याला शेजारी वाटतो. कबूतर मिळालं, मॉन्स्टर होताच. आता त्याला सोबत झाली.

डार्विनसारख्या माणसाचीही या बाबतीत फार पुढे मजल गेली नव्हती, हा माझा दिलासा. त्याने आपल्या थोरल्या मुलाच्या तान्हेपणाच्या नोंदी ठेवल्या होत्या. सदतीस वर्षांनी, १८७७ साली, त्या छापल्या. पोरगं सव्वादोन वर्षांचं असताना बापाने त्याला प्राणिसंग्रहालयात नेलं. ओळखीचे प्राणी पाहून खूश झालं, पण पिंजऱ्यातली मोठाली जनावरं पाहून घाबरलं. पुढे म्हणे, परत जाऊ या, पण ‘घरातली जनावरं’ नकोत. अनुभवाने न आलेली ही भीती मुलांकडे येते कुठून, रानटी काळातल्या खऱ्या धोक्यांचा तो वारसा तर नव्हे, असा प्रश्न डार्विनला पडला. मला त्यात ‘घरातली जनावरं’ हा शब्द आवडला. रानातलं जनावर रानात ठीक. घरात, छपराखाली, भिंतीआड असलेलं नको. वेशीवरचा देवचार चालतो, पलंगातला नाही.

आणि तिथेच माझ्या डोक्यात बँक जागी झाली. हा मॉन्स्टर म्हणजे कागदपत्रांविना राहणारा पोटभाडेकरू होता. त्याला काढणं हे पुढचं. आधी त्याची नोंद नको का? छत्तीस वर्षं मी लोकांचे अर्ज भरून घेतले. अर्ज भरायला बसलेला कितीही दांडगा माणूस ‘आईचे संपूर्ण नाव’ या रकान्याशी आला की लहान होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

रविवारी दुपारी पाठकोऱ्या कागदावर मी रेघा मारल्या, पेन उघडलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“अर्जदाराचं नाव?”

“कोणाचं?”

“मॉन्स्टरचं. केवायसी करायचंय. त्याशिवाय इथे राहता येणार नाही.”

तिला हे पटलं. मुलांना नियम फार पटतात, दुसऱ्याला लागू होत असले की. नाव तिने बराच वेळ विचार करून ‘गुबू’ असं दिलं. नाव पडताक्षणी तो मला निम्मा वाटला. वय? “सहा.” मग जरा थांबून, “नाही, तीन.” म्हणजे तिच्यापेक्षा एकाने लहान. पत्ता: पलंगाच्या पेटीत, गोधडीच्या शेजारी, हातांच्या अलीकडे. धंदा: घाबरवणे. शिक्षण: बालवाडीत जातो पण रडतो. आवडता पदार्थ: वरणभात, लिंबाशिवाय. आईचं नाव: “आई ऑफिसला जाते. उशिरा येते.”

इथे मी पेन थोडं थांबवलं. सूनबाई त्या महिन्यात खरोखरच उशिरा येत होती. नवी नोकरी, शेवटची फास्ट लोकल, रात्रीचे कॉल. मी काही बोललो नाही. रकाना भरला.

“कशाची भीती वाटते?”

हा रकाना मी आयत्या वेळी घातला होता. ती कागदाकडे बघत राहिली. “अंधाराची,” म्हणाली. “म्हणून तो पेटीत लपतो. पेटीत गेलं की कुणी दिसत नाही.”

फोटोच्या चौकोनात तिने त्याचं चित्र काढलं. जांभळा, तीन पाय, दात दोनच, तेही खालचे. सहीच्या जागी त्याच्या वतीने एक रेघ. मी ‘तपासले’ असा शेरा मारून तारीख घातली. घरात शिक्का नव्हता, म्हणून बटाट्याचा केला. संध्याकाळी सौभाग्यवतीने रस्सा केला, त्यात एक बटाटा निळा निघाला.

सूनबाईला मी तो अर्ज दाखवला तेव्हा ती आईच्या नावाच्या रकान्याशी माझ्यासारखीच थांबली. दुसऱ्या दिवसापासून, किती का उशीर होईना, ती घरी आली की आधी नातीच्या खोलीत जाऊन बसू लागली. तिनेच मग मला सांगितलं की इस्राएलमध्ये मानसशास्त्रज्ञांनी याच वळणाचं काही करून पाहिलं आहे. २००६ च्या लेबनॉन युद्धात घाबरलेल्या लहान मुलांना त्यांनी कापडी कुत्र्याचं पिल्लू दिलं आणि सांगितलं, हे एकटं पडलंय, उदास आहे, याला तू सांभाळ. मुलांचा ताण कमी झाला. पुढे रात्रीच्या भीतीसाठी चार ते सहा वर्षांच्या मुलांवर तोच प्रयोग केला. काहींना सांगितलं पिल्लाची काळजी तू घे, काहींना सांगितलं पिल्लू तुझी राखण करील. भीती दोन्हीकडे उतरली. सूनबाईला वाटलं होतं की आपण राक्षस मारायचा फवारा विकत आणावा, तसे मिळतात म्हणे. पण नसलेल्या गोष्टीवर औषध मारलं की ती असल्याचं आपणच कबूल केल्यासारखं होतं. मी गुळमुळीत हसलो. मी तर त्याचं खातं उघडून बसलो होतो.

गुबूची भीती गेली असं नाही. पण तिचं रूप पालटलं. आता रात्री हाक यायची ती “आबा, गुबू झोपत नाहीये” अशी. तो झोपेना कारण बाहेर अंधार. त्याला राखण हवी. राखणदार कोण? आणि या प्रश्नावर माझ्या तोंडून, विचार न करता, आजीचं वाक्य निघालं. माजघरातल्या त्या वाकळांवर बाहेर काही सळसळलं की आम्ही पोरं एकमेकांना चिकटायचो, आणि अंधारातून आजीचा आवाज यायचा, “गप निज रे. भायर वेतोबा आसा मा.”

तर वेतोबा. वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याच्या शेजारी आरवली नावाचं गाव आहे. जयवंत दळवींचं गाव ते. तिथला ग्रामदेव वेतोबा. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, पण इथे तो गावाचा राखणदार झाला. माणसाहून कितीतरी उंच उभी मूर्ती. पूर्वी फणसाच्या लाकडाची असे. भक्त त्याला दोन गोष्टी वाहतात: केळ्यांचे घड, आणि चामड्याच्या वहाणा. वहाणा म्हणजे तुमच्याआमच्या मापाच्या नव्हेत, लहान मूल आत बसून झोपेल एवढ्या. कारण रात्री तो गावभर फिरतो, आणि फिरून फिरून त्या झिजतात. लहानपणी देवळात गेल्यावर मी देव पाहिला नाही, तळवे पाहिले. ज्याच्या चपला झिजतात तो काम करतो, हे मला तेव्हापासून पटलेलं आहे. ऑफिसातही मी साहेबांच्या बुटांकडे आधी बघत असे.

हे सगळं मी तिला रंगवून सांगितलं. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. “बाबा, पलंगातलं एक भूत काढायला तुम्ही भुतांचा राजा आणताय,” तो म्हणाला, “२०१३ च्या जादूटोण्याच्या कायद्यात बसेल हं हे.” मी म्हटलं, मी पैसे घेत नाहीये.

तिने मात्र उठून माझ्या जुन्या कोल्हापुरी आणल्या आणि खोलीच्या उंबऱ्याशी बाहेर तोंड करून ठेवल्या. शेजारी एक केळं. मग पेटीवर टकटक करून म्हणाली, “गुबू, झोप. बाहेर माणूस आहे.” आणि झोपली. रात्रभर. घरात कोणीही कोणालाही ‘सरक’ म्हणालं नाही.

सकाळी सहा वाजता मला हलवून उठवण्यात आलं. माझ्या तोंडासमोर चपलेचा तळ होता.

“आबा, माती नाहीये. तो आलाच नाही.”

आता काय सांगू? केळं मी रात्री साखर पडल्यासारखी वाटली म्हणून खाल्लं होतं, ते खपून गेलं. पण चपला कोऱ्या करकरीत. “आज सुट्टी असेल,” म्हटलं. “रोज रात्री नसते सुट्टी. वॉचमनकाकांना पण नसते,” असं उत्तर आलं.

त्या रात्री, म्हणजे खरं तर पहाटे साडेचारला, मी त्या चपला पायांत घालून लिफ्टने खाली उतरलो. हेतू एवढाच की अंगणात चार पावलं टाकायची, माती लावायची, वर यायचं. पण आमच्या सोसायटीत माती नाही. वाहनतळ काँक्रीटचा, रस्ता पेव्हर ब्लॉकचा, बागेत हिरवा प्लास्टिकचा गालिचा. झाडं आहेत, तीही कुंड्यांत. पंपाच्या खोलीमागे थोडी ओल होती, तिथे शेवाळ मिळालं. शेवाळाने भागेल का, असा विचार करत मी एक पाय उचलून तळवा बघत उभा असताना वॉचमन विजेरी घेऊन आला. जालन्याकडचा माणूस.

“काका, काय हरवलं?”

“माती,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग विजेरीने फाटकाबाहेर दाखवलं. “माती पायजे तर रेल्वेच्या बाजूला जावं लागंल. मोकळा प्लॉट हाय तिकडं.”

गेलो. जाऊन-येऊन दीड किलोमीटर भरलं. पहाटेच्या पहिल्या लोकलचे दिवे, चहावाल्याचा स्टोव्ह, फुलांची पोती, आणि मोकळ्या प्लॉटवर मनासारखी, चिकट, लाल नसली तरी माती. सकाळी तपासणी झाली. “आला होता!” असा पुकारा झाला. केळ्याचं सालही मी ठेवलं होतं, पण ते बाईसाहेबांना जास्त वाटलं. “देव सालं टाकून नाही जात,” म्हणाली.

पावसाळा लागला तशी माती मुबलक झाली, पण चालणं सुटलं नाही. रोज तळवे तपासले जात. एक दिवस मी आळस केला आणि उंबऱ्याशी ठेवल्या ठेवल्या चपलांना तुळशीच्या कुंडीतली चिमूटभर माती फासली. तिने बोट लावून पाहिलं. “ही ओली नाही. हा चालला नाहीये, नुसती लावलीये.” इतकं कडक ऑडिट मला छत्तीस वर्षांत झालेलं नव्हतं.

आषाढात मधुमेहाची तीन महिन्यांची तपासणी होती. डॉक्टरांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. गेल्या वेळी आठाच्या वर होती ती साखर सातावर आली होती. गोळी वाढवायचा बेत त्यांनी रद्द केला. काय बदल केलात, म्हणाले. पथ्य? मी म्हटलं, रात्रपाळी लागली आहे. त्यांना काही उलगडलं नाही, आणि सौभाग्यवती शेजारी बसून पदर तोंडाला लावून हसत होती.

परवा उजव्या चपलेचा अंगठा तुटला. सगळी रात्र पावसाची, मी प्लॉटवरून फरपटत, एक पाय घासत परत आलो. सकाळी तिला दाखवलं. आता ती गेले दोन महिने सलग तिच्या खोलीत झोपते, झिरोचा दिवाही तिने स्वतःच बंद करायला लावला; तेव्हा मी सुचवून पाहिलं, “आता राहू देऊ या का ह्या? तुला काही भीती वाटत नाही ना?”

“मला नाही वाटत,” ती म्हणाली. “पण गुबू तीनच वर्षांचा आहे.”

म्हणून काल स्टेशनजवळच्या चपला शिवणाऱ्याकडे जाऊन बसलो. त्याने चप्पल हातात घेतली, उलटी केली, आणि अंगठ्याआधी टाच बघितली. “कुठं जाता हो एवढं?” म्हणाला. “तळवा पार गेलाय.” मी कामावर, म्हणून सांगितलं. त्याने माझे पांढरे केस पाहिले, काही विचारलं नाही. ऐरणीवर चप्पल ठेवून म्हणाला, “अंगठा लावून देतो, पण टाच नवी घाला. टायरची घालू? दोन पावसाळे हलणार नाही.”

मी मनात नातीचं वय आणि गुबूचं वय मोजलं, आणि म्हटलं, घाला.